कानातली नशा?

समजा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या घरी तुम्ही हेडफोन लावून बसला आहात. उद्या परीक्षा आहे. कानात नुसतंच 'घूंऽऽ' चाललंय. आई विचारते, "हे कसलं गाणं?" तुम्ही म्हणता, "बायनॉरल बीट्स." आई मोबाइलवर ते नाव शोधते आणि घाबरते. तिथे लिहिलेलं असतं, 'डिजिटल ड्रग्ज'!

ही भीती जुनीच आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शाळेने पालकांना पत्र पाठवून सावध केलं. २०१२ मध्ये यूएईतल्या एका पोलीस तज्ज्ञाने तर अशा आवाजांना गांजासारखंच धरा, अशी मागणी केली.

मग खरं काय? डाव्या कानात ४०० हर्ट्झचा सूर आणि उजव्या कानात ४१० हर्ट्झचा सूर सोडला, तर मेंदू दोन्ही एकत्र करतो. मग सेकंदाला १० ठोके ऐकू येतात. एका कानातला आवाज बंद करा, ठोके गायब! काहींना याने शांत वाटतं. पण गांजासारखी नशा चढते, याला पुरावा नाही.

म्हणून आईवर चिडू नका. हेडफोन तिला द्या. म्हणा, "आई, तूच ऐक ना."

मग ती कदाचित विचारेल, "पण तुला एवढं टेन्शन कसलं आलंय?" या प्रश्नाचं उत्तर हेडफोनमध्ये नाही. ते तुम्हीच सांगायचं.

शब्दार्थ
सावध करणे – धोका आधीच सांगणे
पुरावा – गोष्ट खरी आहे हे दाखवणारी माहिती

बोला
आई का घाबरली? तुम्ही तिला काय सांगाल?