संगीत नाटक बघायला जाताना

आपल्या होस्टेलवर ‘संगीत नाटक’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फेटा, शेला आणि न संपणारी तान येते. माझ्याही यायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठी घरी बोलण्यापुरतं. पण २०२३ पासून दौऱ्यावर आलेली काही संगीत नाटकं पाहिली आणि लक्षात आलं की हा विषय आपल्या सिलॅबसच्या बराच जवळचा आहे. म्हणून हा छोटासा अभ्यास.

थोडा इतिहास

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. तिथून मराठी नाटकाची सुरुवात मानतात. त्यात गाणं होतं, पण ते सूत्रधाराकडे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. पुढे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

या कंपन्या गावोगाव फिरत. पडदे, कपडेपट, वाद्यं, आचारी, सगळं बिऱ्हाड सोबत. नाटक रात्री सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत चालायचं, आणि माईक नव्हता! आता मंडळी बसने येतात, सेट लागतो, प्रयोग होतो आणि शेवटचा पडदा पडला की सगळं मोडून पुन्हा गाडीत. म्हणजे सेट मजबूतही हवा आणि भराभर सुटाही व्हायला हवा. वर्कशॉपवाल्यांनी तो एकदा जवळून बघाच.

आवाजाचं गणित

हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन नावाच्या प्राध्यापकाला १८९५ मध्ये एक काम मिळालं. एका लेक्चर हॉलमध्ये शब्द इतके घुमायचे की काहीच कळेना. त्याने जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि रात्री-रात्री बसून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून सूत्र निघालं : टी = ०.१६ × व्ही ÷ ए. टी म्हणजे घुमण्याचा काळ सेकंदात, व्ही म्हणजे हॉलचं घनफळ, ए म्हणजे हॉलमधलं एकूण शोषण.

एक उदाहरण सोडवू. हॉल ५००० घनमीटर, खुर्च्या लाकडी, रिकामा असताना शोषण ५०० चौरस मीटर धरा. टी येतो १.६ सेकंद. आता ६०० माणसं बसवा. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो असं धरलं तर शोषण ८०० होतं आणि टी येतो १ सेकंद. संवाद स्पष्ट ऐकू यायला सेकंदभराच्या आसपासचा काळ बरा, गाण्याला त्याहून थोडा जास्त मानवतो. संगीत नाटकाला दोन्ही एकाच हॉलमध्ये, एकाच प्रवेशात हवं असतं. त्यात दौऱ्यावर रोज नवा हॉल. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज रात्री माणसं भरली की बदलतो. तबल्याचंही तसंच. दमट हवेत चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. कोकणात नीट लावलेला तबला नागपूरच्या कोरड्या हवेत पुन्हा लावावा लागतो.

मी हे प्रत्यक्ष ऐकलंय. एका मोठ्या हॉलमध्ये मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गाणं छान वाटत होतं, पण संवादांचे शेवटचे शब्द एकमेकांत मिसळत होते. कलाकारांचा काहीच दोष नव्हता. न आलेल्या प्रेक्षकांचा होता!

भाषेचं काय?

माझी खरी भीती भाषेची होती. २०२३ मध्ये प्राजक्त देशमुख लिखित-दिग्दर्शित ‘संगीत देवबाभळी’ पाहिलं. त्यात दोनच पात्रं. तुकोबांची बायको आवली आणि लखूबाई, म्हणजे रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुतलाय आणि तिची काळजी घ्यायला रखुमाई आलीय. एक नवऱ्यावर चिडलेली, दुसरी देवावर रुसलेली. बोली जुन्या वळणाची, माझ्या इंग्लिश मीडियमच्या कानांना अवघडच. पण गाण्यात ओळ परत परत येते. पहिल्या वेळी शब्द कळतो, दुसऱ्या वेळी अर्थ, तिसऱ्या वेळी तो आपल्याला लागतो. संवाद असा थांबत नाही. ज्याचं मराठी कच्चं आहे त्याने संगीत नाटकापासूनच सुरुवात करावी, असं माझं मत तेव्हा झालं. घरी येऊन मी आईला चार शब्दांचे अर्थ विचारले. तिला दोन आले, बाकीचे आम्ही मिळून शोधले.

जाण्याआधी

१. गोष्ट आधी माहीत करून घ्या. इथे सस्पेन्स नसतो, त्यामुळे बिघडत काही नाही.
२. मधल्या रांगांचं तिकीट काढा. बाल्कनीच्या खाली अगदी मागे आवाज दबतो.
३. तिसऱ्या घंटेच्या आत बसा. मोबाईल बंद म्हणजे बंदच, व्हायब्रेटवरही नको.
४. गाणं आवडलं तर ते पूर्ण संपू द्या, मग टाळी. ‘वन्स मोअर’ द्यायलाही लाजू नका, तो जुना हक्क आहे. रिवाइंडचं बटण एवढंच!

शेवटी एक गंभीर गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. १९१५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली वास्तू. इमारत गेली की लोक हळहळतात, पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर नाटक गुपचूप बंद पडतं आणि त्याची बातमीही होत नाही. दौऱ्याची गाडी आपल्या गावात यायची तर तिला तिकीटविक्रीतून भाडं सुटावं लागतं. तेव्हा सबमिशन संपलं की विंगमधले आठ-दहा जण मिळून एकदा जाऊन या. सॅबाइनच्या सूत्रात तुमचाही अर्धा चौरस मीटर आहे!