होमलँड सिक्युरिटीची नोकरी : पदवीवर किती खर्च करावा?

फीचा आकडा विचारण्याआधी नागरिकत्वाचं बघा. अमेरिकेचं होमलँड सिक्युरिटी खातं 2001च्या हल्ल्यांनंतर 22 सरकारी यंत्रणा एकत्र आणून उभं केलं गेलं आणि 1 मार्च 2003 पासून त्याचं काम सुरू झालं. विमानतळावर पासपोर्ट तपासणारे सीबीपीचे अधिकारी, सामान तपासणारी टीएसए, सिक्रेट सर्व्हिस, पूर-वादळात धावून जाणारी फेमा, हे सगळे याच खात्यातले. इथल्या जवळजवळ सगळ्या नोकऱ्या अमेरिकन नागरिकांनाच मिळतात. त्यासाठी ग्रीन कार्डही पुरत नाही, मग विद्यार्थी व्हिसाची गोष्टच सोडा.

म्हणून पुण्या-नागपूरच्या मुलांना ‘क्रिमिनल जस्टिस करा, पुढे होमलँड सिक्युरिटीत स्कोप आहे’ असं कुणी सल्लागार सांगत असेल, तर तिथून उठून यावं. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज या विषयातलं नावाजलेलं सरकारी कॉलेज. बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथे एका क्रेडिटला 620 डॉलर पडतात. पदवीला 120 क्रेडिट लागतात, म्हणजे नुसती शिकवणी फी 74,400 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तरी 63 लाखांच्या वर. राहणं-खाणं वेगळं. वर हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ‘स्टेम’ यादीत बसत नाही, त्यामुळे पदवीनंतर कामाची मुभा तीन वर्षांऐवजी एकच वर्ष. सुरक्षा दलात जायची खरी ओढ असेल तर आपल्याकडे यूपीएससीची सीएपीएफ परीक्षा आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, वय 20 ते 25, अर्जाची फी 200 रुपये. मुलींना तीही नाही.

आता अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथे नागरिक झालेल्या मराठी मुलांकडे वळू. त्यांच्यासाठी हा रस्ता उघडा आहे आणि स्वस्तातही पार होतो. मात्र खर्च ठरतो तो घराच्या पत्त्यावर. न्यूयॉर्क राज्यात किमान 12 महिने राहिलेल्या विद्यार्थ्याला जॉन जेची फी वर्षाला 6,930 डॉलर आहे, चार वर्षांची 27,720. एडिसनमधल्या मुलाला मात्र तेच 620 डॉलर क्रेडिटमागे मोजावे लागतात, कारण नदीपलीकडचं न्यू जर्सी हे वेगळं राज्य. एडिसनहून मॅनहॅटन रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे, पण फीच्या हिशेबात ते अंतर 46,000 डॉलरहून जास्त भरतं. त्यांनी आपल्याच राज्याचं सरकारी विद्यापीठ धरावं. रटगर्सच्या न्यूअर्क कॅम्पसमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

न्यूयॉर्ककरांना याहून कमी खर्चाचा मार्ग आहे. पहिली दोन वर्षं शहराच्या कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि मग जॉन जेमध्ये जायचं. यासाठी ‘क्युनी जस्टिस अकॅडमी’ नावाची सोयच केलेली आहे. कम्युनिटी कॉलेजची फी वर्षाला 4,800, म्हणजे एकूण 23,460 डॉलर. पदवीवर नाव जॉन जेचंच येतं. घरचं उत्पन्न कमी असेल तर पेल ग्रँट मिळते. तिची कमाल मर्यादा 7,395 डॉलर आहे, म्हणजे जॉन जेची वर्षाची फी तिच्यातच भागते, आणि ती परत करायची नसते. आयटीतले दोन पगार असलेल्या घरांना ती सहसा मिळत नाही, तरी फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरावा. सरकारी विद्यार्थी कर्जाची वाट त्यातूनच जाते. फीचे दर बदलतात, प्रवेशाआधी कॉलेजकडून पक्के करून घ्यावेत.

पण पदवी याच विषयाची हवी का? नाही. टीएसएच्या तपासनिसाला हायस्कूल पुरतं. सीबीपीत पदवीऐवजी कामाचा अनुभवही धरतात, आणि पदवी असली तर ती कुठल्याही विषयाची चालते. गुण 3.0 जीपीए किंवा वर असतील तर सुरुवातच वरच्या वेतनश्रेणीत होऊ शकते. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की या विषयासाठी महागड्या खासगी कॉलेजचं कर्ज काढू नये, आणि ज्याला कॉम्प्युटरची आवड आहे त्याने क्रिमिनल जस्टिस जोडविषय म्हणून घ्यावा. सायबर सुरक्षा शिकणाऱ्यांना ‘सायबरकोअर’ शिष्यवृत्ती पूर्ण फी देते, शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला 27,000 डॉलर हातात. बदल्यात जेवढा काळ शिष्यवृत्ती घेतली तेवढाच काळ सरकारी नोकरी करायची. ती मिळाली नाही तर रक्कम कर्ज होऊन मानेवर बसते, हे सही करण्याआधी वाचावं. ऑनलाइन पदवी घेणार असाल तर संस्थेची मान्यता तपासा. मान्यता नसलेली पदवी सरकारी भरतीत धरत नाहीत.

मराठी घरांना खरी तयारी लागते ती एसएफ-86 या अर्जाची. संवेदनशील पदांसाठी पार्श्वभूमीची चौकशी होते, तेव्हा हा अर्ज भरावा लागतो. मागच्या 10 वर्षांतले राहण्याचे पत्ते, सलग. परदेशातल्या जवळच्या माणसांची माहिती: साताऱ्याची आजी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसत असेल, तर तिचं नाव, पत्ता, बोलणं किती वेळा होतं, सगळं. काका मंत्रालयात असतील तर त्यांची नोकरीही. परदेशातल्या स्थावर मालमत्तेचा प्रश्न नुसत्या मालकीवर थांबत नाही. पुढे मालकी येण्याची शक्यता आहे का, हेही विचारतात. आजोबांच्या मागे वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढलं असेल, तर ती गावची दोन एकर जमीन या अर्जात येते. नातेवाईक किंवा जमीन असल्याने कुणी आपोआप बाद होत नाही. लपवलं तर मात्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. आई-वडिलांनी प्रवासाच्या तारखा, पत्ते आणि सातबाऱ्याची प्रत आत्ताच एका फाइलीत ठेवावी.

मुलांशी गांजाबद्दलही मोकळेपणाने बोला. न्यूयॉर्कमध्ये 21 वर्षांवरील व्यक्तींना तो कायदेशीर आहे, पण संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि एसएफ-86 अर्ज मागच्या सात वर्षांतल्या सेवनाबद्दल विचारतो.

नोकरीचा अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर करायचा, त्याला फी नाही. सीबीपीच्या अधिकाऱ्यांची पॉलिग्राफ चाचणी 2010च्या कायद्याने सक्तीची झाली आहे. तिचा खर्च सरकारचा. तिची ‘तयारी’ करून देणाऱ्या क्लासला एक डॉलरही देऊ नये.