राष्ट्रपतिपद आणि ‘निवडून येणारा’ उमेदवार

निवडणुकीचा हंगाम आला की आपल्याकडे ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा शब्द कानी पडतो. अमुक गृहस्थ सज्जन आहेत, विद्वान आहेत, पण ‘निवडून येणारे नाहीत’, असे म्हटले की चर्चा तिथेच संपते. विधानसभेच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ आपल्याला साधारणपणे कळतो. जात, पैसा, गावोगावचे कार्यकर्ते आणि नात्यागोत्याची बेरीज म्हणजे हे मेरिट. परंतु राष्ट्रपतिपदासाठी ‘निवडून येणारा’ उमेदवार ओळखायचा कसा? आपल्या जळगाव जिल्ह्याला या प्रश्नात विशेष रस असायला हवा, कारण २००७ साली या कसोटीला उतरलेल्या प्रतिभाताई पाटील या मूळच्या इथल्याच. नाडगाव हे त्यांचे जन्मगाव आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय हे त्यांचे महाविद्यालय. १९६२ साली जळगावातून आणि पुढे एदलाबादमधून (आजचे मुक्ताईनगर) त्या सलग विधानसभेवर गेल्या.

प्रथम मतदार कोण, ते पाहू. राष्ट्रपतीला तुम्ही-आम्ही निवडत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात, आणि प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या संख्येला पुन्हा एक हजाराने भागायचे. लोकसंख्या मात्र १९७१ च्या जनगणनेची धरायची. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांच्या घरात होती आणि आमदार २८८, म्हणून आपल्या एका आमदाराचे मूल्य १७५ येते. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, तर सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. खासदाराच्या मताचे मूल्य २००७ मध्ये ७०८ होते. सगळी मिळून बेरीज ११ लाखांच्या जवळपास जात होती.

आता खान्देशचा हिशेब मांडू. आजच्या रचनेप्रमाणे जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५ आणि नंदुरबारमध्ये ४ असे २० आमदार होतात. त्यांची मते ३,५००. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार हे लोकसभेचे चार मतदारसंघ ७०८ च्या हिशेबाने २,८३२. एकूण ६,३३२. म्हणजे सारा खान्देश एकदिलाने उभा राहिला तरी शेकड्याला अर्ध्याहून किंचित अधिक मते पदरी पडतात. आमदारकीला जो ‘बालेकिल्ला’ उमेदवाराला तारतो, त्याची इथे काहीच किंमत नाही. सबब प्रतिभाताईंच्या निवडून येण्याचे कारण त्यांच्या मतदारसंघात शोधून सापडणार नाही. ते शोधायला दिल्लीला जावे लागते.

२००७ च्या जूनमध्ये संयुक्त पुरोगामी आघाडी सत्तेवर होती, पण डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावाचून तिचे गणित जुळत नव्हते. काँग्रेसच्या मनात गृहमंत्री शिवराज पाटील होते. लातूरचे, लोकसभेचे माजी अध्यक्ष, अनुभवात कुठेही उणे नाहीत. पण डाव्यांना ते नाव पटले नाही. इतरही नावे आली आणि मागे पडली. अखेर १४ जूनला राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. कोणत्या गुणामुळे? माझ्या मते ज्या गुणामुळे पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत, त्याच गुणामुळे. दोन गटांचे दोन दांडगे उमेदवार परस्परांना रोखून धरतात, आणि मग ‘यांना नाही कसे म्हणायचे?’ अशी ज्यांच्याविषयी स्थिती असते त्यांच्या गळ्यात माळ पडते. विविध कार्यकारी सोसायटीचा चेअरमन निवडताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रतिभाताईंना ‘नाही’ म्हणणे अनेकांना अवघड होते. पहिल्या स्त्री राष्ट्रपतीच्या विरोधात डावे कसे जाणार? आणि खरी गंमत पुढे आहे. भारतीय जनता पक्षाच्या आघाडीने उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना पाठिंबा दिला. ते उभे राहिले अपक्ष म्हणून. तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री, सर्व पक्षांत मित्र. काँग्रेसचीही काही मते फुटतील हा त्यामागचा हिशेब. ही आशा अगदीच निराधार नव्हती, कारण या निवडणुकीत गुप्त मतदान असते आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. प्रत्यक्षात मोठी फूट पडली ती त्यांच्याच आघाडीत. मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत असताना शिवसेनेला विरोधात मत देणे अशक्य झाले आणि बाळासाहेब ठाकरे यांनी प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला. (प्रतिभाताईंचे यजमान देवीसिंह शेखावत यांचे घराणे मूळचे राजस्थानातले, तेव्हा ‘राजस्थानची सून’ हेही नाते काँग्रेसच्या हाती आयतेच होते.)

१९ जुलैला मतदान झाले. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. फरक तीन लाखांवर. शिवसेनेची मते वजा केली तरी निकाल बदलत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्या पाठिंब्याचे मोल वेगळे होते. ज्या फाटाफुटीवर शेखावतांची सारी भिस्त, तिची दिशाच त्याने उलटी केली.

याच वेळी तिसऱ्या एका नावाची चर्चा होती, ते मावळते राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचे. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना विचारले असते तर बहुतेक वर्गांत कलामच निवडून आले असते, याविषयी मला शंका नाही. २००२ साली त्यांना ९,२२,८८४ मते होती आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६. पाच वर्षांत कलामांची लोकप्रियता वाढलीच होती. परंतु या वेळी काँग्रेस आणि डावे त्यांच्या मागे नव्हते. निवडून येण्याची खात्री नसताना त्यांनी उभे राहण्यास नकार दिला. माणूस तोच, गुण तेच, फक्त बेरीज बदलली.

यापेक्षा बोलका दाखला १९६९ चा आहे, आणि त्यातही एक मराठी माणूस आहे. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. लायकी हीच कसोटी असती तर त्यांच्यासमोर कोण टिकले असते, हा वादाचा मुद्दा होऊ शकेल. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभे केले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, पण पंतप्रधान इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाला स्मरून मत देण्याचे आवाहन करून व्ही. व्ही. गिरी यांच्या पारड्यात वजन टाकले. पहिल्या पसंतीची मते अशी: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती, म्हणून मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजावी लागली. त्यात रेड्डींना ९१,८७९ मते वाढली आणि गिरींना फक्त १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांच्या बहुतेक मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना दिली हे उघड दिसते. ती थोडी अधिक एकदिलाने दिली असती तर इतिहास निराळा झाला असता. आणि हेच पडलेले रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले! आठ वर्षांत त्यांच्यात कोणता नवा गुण आला होता? दिल्लीत जनता पक्षाचे राज्य आले होते, एवढेच.

प्रतिभाताईंच्या वेळी दुसरी बाजूही होती, ती जळगावकरांनी विसरू नये. त्यांनी स्थापन केलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला होता आणि उमेदवारी जाहीर होताच विरोधकांनी हा प्रश्न उचलून धरला. इथल्या ठेवीदाराच्या दृष्टीने तो लहान प्रश्न नव्हता. पण ज्यांच्या हाती ७०८ आणि १७५ ची मते होती, त्यांच्या निर्णयावर त्याचा परिणाम झालेला दिसत नाही. ‘निवडून येण्याची क्षमता’ या शब्दात असे पुष्कळ प्रश्न गडप होतात, आणि म्हणून तो शब्द ऐकला की मी थोडा सावध होतो.

२०२२ साली द्रौपदी मुर्मू यांच्या वेळीही तोच नमुना दिसला. झारखंड मुक्ती मोर्चा काँग्रेसबरोबर सत्तेत असूनही आदिवासी स्त्री उमेदवाराला विरोध करू शकला नाही, आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनेही त्यांनाच पाठिंबा दिला. मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मते पडली.

तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रांत संभाव्य नावे येऊ लागली की नावांपुढे गुण लिहीत बसू नये. एका कागदावर पक्षनिहाय मतमूल्ये मांडावीत. मग प्रत्येक नाव घेऊन दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या बाजूचा कोणता मित्रपक्ष याला अडवील? आणि समोरच्या बाजूचा कोणता पक्ष याला अडवू शकणार नाही? कोण निवडून येईल ते बहुधा या कागदावरून कळेल. कोण निवडून यावे, यासाठी मात्र दुसरा कागद घ्यावा लागेल.