नाताळाचें पहिलें ताट

(नाताळाच्या आठवड्यासाठीं पाठ)

वाचन: नहेम्या ८:९-१२, लूक २:१-२४, लूक १४:१२-१४, २ करिंथ ८:१-१२.
पाठाचा हेतु: आपल्या घरचा नाताळाचा आनंद दुसऱ्यास दिल्यानेंच पूर्ण होतो, आणि अत्यंत गरीब मनुष्यहि देणारा होऊं शकतो, हें समजून घेणें.

नाताळाचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांचें रूप पालटतें. भिंतींस चुना लागतो, अंगण सारवलें जातें, आणि मुलें बांबूच्या कामट्यांस रंगीत पतंगी कागद चिकटवून तारा करितात व तो उंच काठीवर दारासमोर उभारितात. चुलीपाशीं करंज्या, शंकरपाळे व चकल्या यांची गडबड चालते. रात्रीं टाळमृदंगाच्या साथीनें भजनी मंडळी घरोघर फिरते, आणि पंचविसाव्या तारखेस सकाळीं नवे कपडे घालून लहानथोर उपासनेस जमतात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. जन्म हाच त्याचा मूळ भाव. शब्द बाहेरचा असला तरी सणाची ही रीत आपल्या मातींतली आहे, आणि ती चांगली आहे. ज्या घरीं आनंदाच्या चाली नाहींत, त्या घरच्या मुलांच्या स्मरणांत सुवार्ता फार काळ टिकत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. परंतु या सर्व तयारींत एक प्रश्न आपण स्वतःस विचारिला पाहिजे: या चुलीवर जें शिजत आहे, त्यांतील पहिलें ताट कोणाच्या घरीं जाणार?

१. देवाचें दान व गरिबाचें दान

नाताळाचा सण हा मुळांत एका दानाचें स्मरण आहे. प्रभूनें आपलें वैभव सोडून आपलें दारिद्र्य पत्करिलें, आणि त्याच्या त्या दारिद्र्यानें आपण संपन्न झालों, असा २ करिंथ ८:९ या वचनाचा आशय आहे. हें वचन पौलानें कोठें लिहिलें तें लक्षांत घ्यावें. यरुशलेमेंतील गरीब बंधूंसाठीं मदत गोळा करीत असतां त्यानें तें लिहिलें. म्हणजे प्रभूचें जगांत येणें आणि आपला देणारा हात यांची गांठ पौलानेंच बांधून दिली आहे.

आतां लूक २:२२-२४ हा भाग पाहा. नाताळाच्या दिवशीं आपण बहुधा विसाव्या वचनापाशीं थांबतों, म्हणून याकडे लक्ष जात नाहीं. मरीया व योसेफ बाळास घेऊन मंदिरांत गेलीं. नियमशास्त्राप्रमाणें (लेवीय १२:६-८) बाळंतिणीनें एक कोंकरूं व एक पांखरूं अर्पावयाचें असे. पण कोंकराची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें चालत. लूक या दुसऱ्या अर्पणाचाच उल्लेख करितो. म्हणजे हें घर गरिबाचें होतें. तरी तें रिकाम्या हातानें देवासमोर गेलें नाहीं, आणि देवानेंहि गरिबास देण्याच्या मानांतून वगळिलें नव्हतें; त्याच्या ऐपतीचें अर्पण शास्त्रांतच नेमून ठेविलें होतें.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांचा आरंभ हालअपेष्टांच्या दिवसांत झाला. १८७६-७८ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत कित्येकांस मिशनच्या दारीं धान्य, कपडा व आसरा मिळाला. त्या वेळीं आपले वाडवडील घेणारे झाले, यांत कांहीं कमीपणा नव्हता. परंतु इतक्या पिढ्या लोटल्यावरहि, 'आम्ही गरीब, आम्ही काय देणार?' असेंच आपण म्हणत राहिलों, तर त्या दोन पांखरांचा धडा आपण शिकलों नाहीं असें म्हणावें लागेल.

२. ज्यांची चूल पेटली नाहीं

इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत नहेम्यानें यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हां बांधविला. त्यानंतर सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं पाणीवेशीसमोरच्या चौकांत सर्व लोक जमले, आणि एज्रा शास्त्र्यानें नियमशास्त्र वाचून दाखविलें. तें ऐकून लोक रडूं लागले. तेव्हां पुढाऱ्यांनीं त्यांची समजूत घातली कीं, हा पवित्र दिवस आहे, आज शोक नको. गोडधोड खावें, आणि ज्यांच्या घरीं कांहीं सिद्ध झालें नाहीं त्यांच्याकडे वाटे पाठवावे.

येथें तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही कीं, सणाच्या दिवशीं चांगलें खाणें हें पाप नव्हे. दुसरी ही कीं, वाटे पाठवावयाचे होते. गरिबानें दारांत येऊन हात पसरावा, असें सांगितलें नव्हतें. तिसरी गोष्ट पांचव्या अध्यायांत आहे. याच लोकांतील अनेकांनीं आपलीं शेतें व घरें गहाण टाकिलीं होतीं, मुलेंबाळें दास्यांत दिलीं होतीं. आणि नहेम्यानें सावकारी करणाऱ्या बंधूंस तें सर्व परत करावयास लाविलें होतें. आनंदाचा सण त्यानंतर आला. म्हणून नव्या कपड्यांसाठीं किंवा मांडवासाठीं व्याजानें पैसे काढूं नयेत. प्रभु कर्ज काढून मिळविलेला थाट मागत नाहीं, आणि नाताळाचें व्याज पुढच्या नाताळापर्यंत फेडीत बसणाऱ्या घरांत देण्यास कांहीं उरत नाहीं.

३. ताटास ताट

शेजाऱ्याच्या घरून फराळाचें ताट आलें तर तें रिकामें परत करूं नये, अशी आपल्याकडे रीत आहे. दिवाळीस हिंदु शेजाऱ्यांकडून फराळ येतो, आणि नाताळास आपल्या घरून त्यांच्याकडे जातो. ही रीत गोड आहे, ती जपावी. परंतु तिला दान म्हणूं नये. एस्तेर ९:२२ मध्यें पुरीम सणाचीं दोन कामें सांगितलीं आहेत: लोकांनीं एकमेकांस वाटे पाठवावे, आणि शिवाय गरिबांस दानें द्यावीं. पहिलें केल्यानें दुसरें आपोआप होत नाहीं. लूक १४:१२-१४ मध्यें प्रभूनेंहि हाच भेद दाखविला आहे; ज्यांस फेड करितां येत नाहीं, त्यांस बोलावण्यांत त्यानें धन्यता सांगितली आहे.

मग ज्या घरून ताट परत येणार नाहीं, असें घर कोठें आहे? फार दूर जाण्याची गरज नाहीं. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांकडे जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मागें म्हातारीं माणसें, व कोठें शाळेंत जाणारीं मुलें राहतात. त्यांच्या दारावर तारा कोण लावणार? आणि ज्यांच्या गांवाशेजारीं कारखाना आहे, त्यांच्या शिवारांत अशाच परगांवच्या मजुरांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या असतात. बेथलेहेमांतहि त्या रात्रीं एक परगांवचें कुटुंब जागा नसल्यामुळें बाहेर होतें, हें आपण दरवर्षीं वाचतों.

आणखी एक घर आहे, त्याविषयीं बोलावयास मन कचरतें. एकाच मंडळीचे सभासद असूनहि एका जुन्या वाड्यांतून दुसऱ्या जुन्या वाड्यांत ताट जात नाहीं, असें आम्हीं पाहिलें आहे. बाप्तिस्मा एक, प्रभुभोजन एक, पण चूल मात्र वेगळी. मेंढपाळ व मागी लोक यांचे कुळाचार एक नव्हते, तरी त्यांनीं एकाच बाळास वंदन केलें. या नाताळास तें पहिलें ताट या भिंतीपलीकडे जावें.

येथें एक सूचना करावीशी वाटते. एखाद्या गरीब बाईनें ताट परत करितांना त्यांत लिंबू किंवा चिमूटभर साखर घातली, तर 'कशाला ग बाई' म्हणून ती नाकारूं नये. देण्याचा आनंद तिचाहि आहे.

४. आमच्या हातून घडलेली चूक

हें सर्व आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं; चुकून शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका खेड्यांतील मंडळीची सेवा करीत होतों. तेथें नाताळाचा मांडव, ध्वनिक्षेपक व जेवण यांसाठीं दर घरामागें पांचशें रुपये वर्गणी ठरली. लोकांस उत्तेजन यावें म्हणून नाताळाच्या आदल्या रविवारीं, ज्यांनीं वर्गणी भरली त्यांचीं नांवें आम्हीं स्वतः वाचून दाखविलीं. त्या यादींत एका विधवेचें नांव नव्हतें. नाताळाच्या दिवशीं ती उपासनेस आली नाहीं. तिचीं दोन मुलेंहि आलीं नाहींत. संध्याकाळीं आम्ही तिच्या घरीं गेलों. बऱ्याच वेळानें तिनें दार उघडलें व म्हणाली, "पाळकसाहेब, यादींत नांव नाहीं, मग पोरांना पंगतींत कशी बसवूं?" चूल थंड होती. कोपऱ्यांत एका डब्यांत दोन-तीन किलो बाजरी होती. ती तिनें खळ्यावरच्या मजुरींतून देवासाठीं म्हणून वेगळी काढून ठेविली होती. पण आमच्या यादींत पैशांचा रकाना होता, बाजरीचा नव्हता.

मंदिराच्या दानपेटीजवळ बसलेल्या प्रभूस एका विधवेचीं दोन नाणीं दिसलीं (लूक २१:१-४). आमच्या डोळ्यांसमोरची बाजरी आम्हांस दिसली नाहीं. त्या वर्षापासून आम्हीं देणाऱ्यांचीं नांवें वाचणें सोडून दिलें. आतां उपासनेपूर्वीं दाराशीं एक झांकलेली टोपली असते. तींत कोणी धान्य टाको, कोणी पैसा टाको, ज्याचें त्यास व देवास ठाऊक.

५. मूठभर तांदूळ

मासेदोनियांतील मंडळ्या अत्यंत दरिद्री होत्या, तरी यरुशलेमेंतील बंधूंस मदत करण्याची आम्हांसहि संधि द्या, अशी त्यांनींच पौलास गळ घातली (२ करिंथ ८:१-५). अशीच एक गोष्ट आपल्या देशांतील आहे. लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराम राज्यांत, १८९४ सालीं मिशनरी येऊन राहिले. पुढें १९१० पासून तेथील ख्रिस्ती स्त्रियांनीं एक चाल पाडली: स्वयंपाकासाठीं तांदूळ घेतांना त्यांतील एक मूठ देवाच्या कामासाठीं वेगळ्या भांड्यांत टाकावयाची. मिझो भाषेंत या चालीस 'बुहफाई थाम' म्हणतात. तो मुलूख सुबत्तेचा होता असें नव्हे. १९११-१२ सालीं तेथें बांबू फुलला, उंदीर माजले, त्यांनीं पिकें खाल्लीं व मोठा दुष्काळ पडला. तरी ती चाल तेथें रुजली, आणि आज तिच्यापासून तेथील मंडळ्यांस दरवर्षीं कोट्यवधी रुपये मिळतात. श्रीमंताची मोठी देणगी एकदां येते. गरिबाची मूठ रोज येते, आणि ती काढणारीचें मनहि रोज देवाकडे वळवून जाते.

६. घरीं काय करावें

पहिलें: डिसेंबराच्या पहिल्या दिवसापासून पिठाच्या डब्याशेजारीं एक लहान डबा ठेवावा, आणि रोज त्यांत एक मूठ ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ टाकावा. हें काम घरांतील लहान मुलाकडे द्यावें.

दुसरें: नाताळाच्या आदल्या रात्रीं कुटुंबप्रार्थना झाल्यावर, घरांत कोणीं खाण्यापूर्वीं, पहिलें ताट भरावें. तें कोणाकडे जावयाचें हें सर्वांनीं मिळून ठरवावें, व अंधार पडल्यावर गाजावाजा न करितां पोंचवावें.

तिसरें: मुलें नाताळबाबाची वाट पाहतात, त्यांस त्याच्या मागची गोष्ट सांगावी. चौथ्या शतकांत, आजच्या तुर्कस्तानांतील मायरा येथें निकोलस नांवाचा बिशप होता. परंपरा अशी सांगते कीं, एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठीं त्यानें रात्रीं गुपचूप त्याच्या घरांत सोन्याच्या थैल्या टाकिल्या. बाबा काय आणील हें विचारण्याऐवजीं, आपण कोणाचा निकोलस व्हावें, हें मुलांनीं विचारावें.

उपदेशक बंधूंनीं विचारावयाचे प्रश्न

१. मरीया व योसेफ यांनीं मंदिरांत कोणतें अर्पण केलें? त्यावरून त्यांच्या घराविषयीं काय कळतें?
२. नहेम्याच्या काळीं वाटे कोणाकडे पाठवावयाचे होते?
३. फराळाची देवाणघेवाण व दान यांत काय भेद आहे?
४. आपल्या मंडळींतील कोणती चाल गरिबास उपासनेपासून दूर ठेविते?
५. आपल्या गांवांत या वर्षीं कोणाची चूल थंड राहील? (या प्रश्नाचें उत्तर सभेंत मोठ्यानें सांगूं नये, घरीं जाऊन कृतीनें द्यावें.)

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तूं आपला पुत्र आम्हांस दिलास. आमच्या घरचा आनंद आमच्याच दारांत अडकून राहूं देऊं नको. ज्यांची आठवण कोणी करीत नाहीं, त्यांची आठवण तूं आम्हांस दे, आणि आमची मूठ उघडी ठेव. प्रभु येशूच्या नांवानें. आमेन.