पाळीची भाकरी

शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना शाळेच्या दाराबाहेर बसून शिकावे लागे. गुरुजी आतबाहेर धडा एकच शिकवीत. पण मुलांच्या मनावर खोल उमटे तो उंबरठ्याचा धडा. आतल्यांस वाटे आपण श्रेष्ठ. बाहेरच्यास वाटे आपण हीन. हे कोणी तोंडाने सांगावे लागत नसे. बसण्याची जागाच ते रोज सांगे.

असा धडा व्याख्यानांनी पुसला जात नाही, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओळखले होते. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशा निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका छपराखाली राहू लागली.

एकत्र राहणे बोलावयास सोपे आहे. तेथे नोकरचाकर नव्हते. पाणी भरणे, झाडलोट करणे, दळणे, भाकरी भाजणे ही सारी कामे मुलेच पाळीपाळीने करीत. गावी ज्याचा स्पर्श टाळावयास शिकविले होते, त्याच्याच हातची भाकरी येथे खावयाची आणि उद्या आपण भाजलेली त्याला वाढावयाची! भूक लागलेली असता सोवळेओवळे फार काळ टिकत नाही. भाकरी करपली, तर ती सर्वांचीच करपे. सुटीत घरी गेल्यावर मात्र याच मुलांना जुनी वेगळी पंगत पुन्हा दिसे, आणि दोहोंतील कोणती रीत खरी, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागे.

या पंगतीची किंमत भाऊरावांच्या घराने मोजली. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली त्या निवर्तल्या.

तत्पूर्वी, १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली होती. भाऊराव स्वतः विद्यार्थिदशेत तेथील जैन वसतिगृहात राहिले होते. सर्वांना एका पंगतीस बसविणारे साताऱ्याचे पाऊल त्याच वाटेवरचे, पण पुढचे होते.

१९३५ साली संस्थेने साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. पुढे खेडोपाडी संस्थेच्या शाळा निघाल्या आणि तेथे शिकविण्यास संस्थेत घडलेले तरुण गेले. ज्याने रोज सर्व जातींच्या मुलांबरोबर पाणी भरले, भाकरी भाजली, त्या गुरुजींना एखाद्या मुलास दाराबाहेर बसविणे जडच गेले असेल.