बिबट्या आणि धिंगरी : रानातील दोन शिकारी

शिकारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बिबट्या येतो. 2024 साली तो वसई किल्ल्याच्या परिसरात आला, तेव्हा पिंजऱ्यात सापडेपर्यंत लोक धास्तावले होते. कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या धिंगरी अळिंबीची मात्र कुणालाच भीती वाटत नाही. पण बाजारात मिळणारी ही अळिंबीसुद्धा शिकारीच आहे. ते कसे, हे आज आपण समजून घेऊ या.

1. दोघांची भूक : वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करतात. बिबट्याला आणि बुरशीला ते जमत नाही. बिबट्या मांस खाऊन पोटात पचवतो. धिंगरी पाचक रस लाकडात सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. लाकडाला टणकपणा देणारे लिग्निन फार थोड्या जीवांना फोडता येते. धिंगरी त्यांपैकी एक. परंतु लाकडात नायट्रोजन अगदी कमी असतो. ही उणीव ती शिकारीने भरून काढते.

2. शिकारीची रीत : बिबट्या दबा धरतो, झडप घालतो आणि गळा पकडतो. धिंगरी जागची हलत नाही. तिच्या तंतूंवर सूक्ष्म विषारी गाठी असतात. सूत्रकृमी, म्हणजे मातीतले व लाकडातले अतिशय बारीक जंत, त्यांना लागले की गाठ फुटते आणि काही मिनिटांत जंत लुळा पडतो. मग तंतू त्याच्या शरीरात शिरून त्याला पचवतात. कॅनडातील थॉर्न व बॅरन यांनी 1984 साली ही शिकार जगापुढे मांडली. ते विष थ्री-ऑक्टॅनोन असल्याचे तैवानच्या संशोधकांनी 2023 साली दाखवून दिले.

3. दोघांचे काम : बिबट्या रानडुकरे, हरणे, भटके कुत्रे यांच्या संख्येला आवर घालायला मदत करतो. धिंगरीसारख्या बुरशी नसत्या, तर पडलेली झाडे वर्षानुवर्षे साचून राहिली असती आणि त्यांतले सत्त्व मातीला परत मिळाले नसते.

बिबट्या आला की वनखाते धावून येते. ओंडक्यासाठी कोणी येत नाही. तो आपल्याच हाती असतो. वाडीतला ओंडका आपण जाळतो, तेव्हा त्यातला नायट्रोजन धुरावाटे निघून जातो. तोच कोपऱ्यात कुजू दिला, तर माती सुपीक होते. मात्र रानात उगवलेली अळिंबी पक्की ओळख असल्याशिवाय खाऊ नये. काही जाती जीवघेण्या असतात.

विचारासाठी प्रश्न : आपल्या वाडीत पडलेल्या झाडाचे आपण काय करतो? ज्याची भीती वाटत नाही, त्याच्या उपयोगाकडे आपले लक्ष जाते का?