इन-इअर इअरफोन पारखताना



इन-इअर इअरफोनचा आवाज दोन गोष्टींवर ठरतो: आतल्या ड्रायव्हरची (आवाज काढणाऱ्या भागाची) घडण आणि कानाच्या नळीत टिप (टोकावरची मऊ टोपी) कशी बसली आहे ती. पहिली गोष्ट कारखान्यात ठरून येते, दुसरी ऐकणाऱ्याच्या हातात असते. हजार-दोन हजारांच्या इअरफोनबद्दलची बरीच मते या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने चुकतात. टिप आणि नळीची भिंत यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खालचे स्वर तिथून निसटतात. आवाज पातळ आणि कर्कश लागतो, आणि चांगली वस्तू ‘याला बासच नाही’ म्हणून बाजूला पडते. म्हणून टिप नीट बसल्याशिवाय आवाजाबद्दल काहीच मत बनवू नये.

ती बसली आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे. गाणे चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. बास एकदम वाढला तर टिप लहान आहे किंवा पुरेशी आत गेलेली नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढली, की नळी सरळ होते आणि टिप सहज जागेवर जाते. डब्यात सहसा लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन जोड्या येतात. बहुतेक जण आधीच लावलेली मध्यम टिप कधी बदलत नाहीत, हे दुर्दैव. दोन्ही कान सारख्या मापाचे असतातच असे नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला लहान टिप लागणे अगदी स्वाभाविक आहे. सिलिकॉनची टिप निसटत असेल तर फोमची वापरून पाहावी. ती चिमटून आत घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. बाहेरचा गोंगाट ती चांगला अडवते, पण वरचे स्वर किंचित मवाळ करते आणि लवकर झिजते.

आरामाची परीक्षा दुकानातल्या पाच मिनिटांत होत नाही. निदान तासभर सलग घालून बसावे आणि दुखलेच तर नेमके कुठे, हे पाहावे. नळीच्या आत ठणकत असेल तर दोष टिपच्या मापाचा, आणि तो टिप बदलून जातो. कानाच्या बाहेरच्या वाटीत टोचत असेल तर दोष इअरफोनच्या कवचाच्या आकाराचा. त्यावर उपाय नाही, ती वस्तू त्या कानासाठी नव्हेच. त्यामुळे परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणीच खरेदी करावी. थोड्या सवलतीपेक्षा ही सोय मोलाची आहे. वायर कपड्यावर घासल्याची खरखर कानात येत असेल तर ती कानावरून मागे वळवून घ्यावी, खरखर बरीच कमी होते. घट्ट टिपमुळे स्वतःचा आवाज, चघळणे आणि पावले घुमल्यासारखी ऐकू येतात. हा बिघाड नसून नळी बंद झाल्याचा परिणाम आहे. मात्र चालताना ज्याला तो सहन होत नाही, त्याने नळीबाहेर टेकणारा साधा प्रकार घेतलेला बरा.

आवाज पारखताना पहिली अडचण कानाची स्वतःची असते. दोन इअरफोनपैकी जो किंचित मोठा वाजतो, तोच बरा वाटतो. तुलना करण्यापूर्वी एकाच गाण्याच्या एकाच जागी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. तोही बेताचाच असावा, कारण मोठ्या आवाजात बास आणि ट्रेबल कानाला आपोआप भरदार वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये ही गोष्ट मोजून दाखवली.

त्यानंतर पाहायचा तो माणसाचा गळा. स्वस्त इअरफोन बास भरपूर देतात आणि मधल्या पट्टीत हरतात. उघड्या कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर मुळातच उचलून धरते. इअरफोनने नळी बंद झाली की ही नैसर्गिक उचल जाते, आणि ती बनवणाऱ्याला परत भरून द्यावी लागते. कमी भरली तर गायक पडद्याआडून गात असल्यासारखा वाटतो. जास्त भरली तर पाच-सहा गाण्यांत कान थकतात. यासाठी पाठ असलेला, शक्यतो प्रत्यक्ष ऐकलेला आवाज निवडावा. मराठी बोलणेही उत्तम कसोटी आहे: बातम्या ऐकताना ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतल्या दोन ‘च’मधला फरक स्वच्छ कळावा, आणि ‘स’, ‘श’ कानात टोचू नयेत.

खालच्या स्वरांसाठी तानपुरा आणि डग्गा पुरेसे आहेत. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. खर्ज ऐकू यावा, पण त्याने गळा झाकू नये; शिवाय जवारीचा झंकार, जो वरच्या स्वरांचा असतो, तोही तुटक किंवा खरखरीत लागू नये. डग्ग्याची मींड सरकताना कळली पाहिजे. तिचा नुसता ‘धप्प’ झाला तर बास पुष्कळ आहे, पण चांगला नाही. दोन्ही बाजू समान आहेत का, हे जुन्या मोनो भावगीतांवर ताबडतोब कळते: गळा डोक्याच्या मधोमध यायला हवा. एकीकडे कलत असेल तर आधी टिप तपासावी, मग इअरफोनची अदलाबदल करून ऐकावे. गळाही बाजू बदलत असेल तर दोष इअरफोनचा.

डब्यावरच्या आकड्यांना फार महत्त्व देऊ नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे बहुतेक सगळेच लिहितात. त्या टप्प्यात आवाज किती वर-खाली होतो हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दहा मिलिमीटरचा ड्रायव्हर सहा मिलिमीटरच्यापेक्षा चांगला, हाही गैरसमजच. किंमतही खात्रीची खूण नाही. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे आणि किमती ताडून पाहिल्या, तेव्हा निरनिराळ्या स्वरांना दिलेला प्रतिसाद आणि किंमत यांचा संबंध दिसला नाही. जास्तीचा पैसा अनेकदा बांधणी, बॅटरी, गोंगाट-निवारण आणि नाव यांत जातो. कमी पैशांत आवाजच हवा असेल तर वायरचा इअरफोन घ्यावा. त्यात बॅटरी आणि ब्लूटूथचा खर्च नसतो. फोनला गोल जॅक आहे का, एवढे आधी पाहावे.

सुरक्षिततेची बाब गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही वेळ निम्मी होते. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. नीट बसलेली टिप इथेही कामी येते: बसमधला किंवा लोकलमधला गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. पण तीच टिप गाडीचा हॉर्नही अडवते, म्हणून रस्त्यावर आणि रुळांजवळ इअरफोन कानाबाहेरच हवेत.

काही महिन्यांनी एका बाजूचा आवाज उतरला, तर इअरफोन बिघडला असे लगेच मानू नये. बहुधा तोंडावरच्या जाळीत कानातला मळ साचलेला असतो. टिप काढून साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळवावी; जाळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, टाचणी किंवा पाणी तिला लावू नये.